स्पीकर वीजही तयार करतो

दिवाळी आली की जाहिरातींत '१००० वॅट' असं ठसठशीत छापलेले म्युझिक सिस्टिमचे खोके दिसू लागतात. त्यांच्या पाठीवरचं लेबल कुणी वाचत नाही. तिथे 'पॉवर कन्झम्प्शन ६० वॅट' असं सापडलं तर नवल मानू नका. भिंतीतून साठ घेऊन हजार बाहेर देणारं यंत्र ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमात बसत नाही, पण 'पीएमपीओ' (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) नावाच्या आकड्यात आरामात बसतं. या आकड्याची सर्वमान्य व्याख्याच नाही.

गंमत अशी, की असल्या खोक्यांना नाकं मुरडून अॅम्प (अॅम्प्लिफायर) वेगळा, स्पीकर वेगळे, टर्नटेबल वेगळा असे 'सेपरेट्स' जमवणारे लोकही दुकानात पहिला प्रश्न वॅटचाच विचारतात. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ४० वॅटच्या आणि ५० वॅटच्या अॅम्पमध्ये फरक पडतो जेमतेम एका डेसिबलचा. उलट ८४ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो, त्या मापाच्या) स्पीकरऐवजी ९० डेसिबलचा घेतला, तर तेवढाच आवाज पाव पॉवरमध्ये मिळतो. १९७८ साली आलेल्या एनएडी ३०२० या अॅम्पची कागदावरची पॉवर चॅनलला फक्त २० वॅट होती. लोक तो अजूनही सेकंड हँड शोधत फिरतात, कारण अवघड स्पीकरपुढे तो हात टेकत नाही.

'अवघड स्पीकर' म्हणजे काय, हा या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग.

स्पीकरच्या पाठीवर '८ ओहम' लिहिलेलं असतं. मल्टीमीटर लावला तर आकडा ६ च्या आसपास दिसतो. तो व्हॉइस कॉइलच्या, म्हणजे स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) हलवणाऱ्या गुंडाळीच्या, तारेचा रोध. पण गाणं सुरू झालं की ही कॉइल चुंबकाच्या फटीत पुढेमागे धावते, आणि चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेत वीज निर्माण होते, हे फॅरडेने कधीच दाखवून दिलंय. म्हणजे वाजणारा स्पीकर त्याच वेळी छोटं जनित्रही असतो. लेन्झच्या नियमाप्रमाणे ही वीज अॅम्पकडून येणाऱ्या विजेला विरोध करते. झोपाळ्याला असते तशी कोनलाही स्वतःची एक लय असते. त्या वारंवारतेला कोन सर्वात वेगाने हलतो, विरोध सर्वाधिक होतो, धारा कमी वाहते आणि '८ ओहम'चा स्पीकर तिथे ३० किंवा ४० ओहमचा होऊन बसतो. त्याच्या वरच्या स्वरांना इम्पीडन्स, म्हणजे हा एकूण विरोध, पुन्हा ६-७ वर येतो. क्रॉसओव्हरच्या (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटच्या) करामतीमुळे काही स्पीकरमध्ये तो ३ पर्यंतही घसरतो. ५० वॅटचा अॅम्प ८ ओहमला २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर देतो. तेच २० व्होल्ट ३ ओहमवर टिकवायचे तर पावणेसात अँपिअर हवेत. स्वस्त अॅम्प इथे धापा टाकतो. म्हणून वॅट ८ ओहमला किती आणि ४ ओहमला किती, हे दोन्ही विचारावं. ४ ओहमचा आकडा बराच मोठा असेल, तर पॉवर सप्लाय दणकट आहे.

जनित्राची खात्री करायची असेल तर एखादा जुना, जाळी निघणारा स्पीकर घ्या. त्याच्या तारा अॅम्पपासून पूर्ण सोडवा आणि वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या, कोनवर हलकी टिचकी मारा. 'ढम्म्' असा लांबलेला आवाज येईल. आता स्पीकरची दोन्ही टर्मिनल तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. 'टप्!' वाट मोकळी मिळाल्यामुळे कॉइलमधली वीज फिरते आणि कोनला जागच्या जागी ब्रेक लावते. चांगला अॅम्प या तारेच्या तुकड्याचंच काम करतो. त्याच्या मोजमापाला डॅम्पिंग फॅक्टर म्हणतात. ८ ओहमला त्याने भागलं की अॅम्पचा स्वतःचा रोध मिळतो: तो ५० असेल तर ०.१६ ओहम, ५०० असेल तर ०.०१६. पण विजेच्या त्याच वाटेत कॉइलचे ६ ओहम बसलेले आहेतच! बेरीज ६.१६ किंवा ६.०१६. या फरकासाठी पैसे मोजणाऱ्याला मी अडवणार नाही. व्हॉल्व्ह अॅम्पची, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अॅम्पची, गोष्ट मात्र वेगळी. त्याचा रोध २ ओहम असला, तर ४० ओहमच्या शिखरावर ६ ओहमच्या तुलनेत आवाज सुमारे २ डेसिबलने फुगतो. 'व्हॉल्व्हचा उबदार बास' म्हणतात त्यात या फुगवट्याचा वाटा असतो.

केबलचंही तेच गणित. घराच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्पीकर पाच मीटरवर: जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०७ ओहम. एवढ्यावर काम भागतं. प्रवाहाची दिशा दाखवणारे बाण छापलेल्या महागड्या केबल म्हणजे शिकलेल्यांचे गंडेदोरे. संगीताचा प्रवाह दर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. बाणाने कुठे बघायचं?

नवं की जुनं? अॅम्प जुना घ्यायला हरकत नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळलेले असतील तर स्पीकरमधून १०० हर्ट्झची घूं ऐकू येते, पण ते बदलता येतात. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर बहुतेक वेळा क्लीनरचा फवारा पुरतो. स्पीकरच्या कोनभोवतीची कड मात्र बोटाने दाबून बघाच. फोमची कड दमट हवेत पाण्याशी अभिक्रिया होऊन कुजते आणि तुकडे हातात येतात. कोकणात आणि मुंबईत हे हमखास होतं. रबराची कड बरीच जास्त टिकते. कोन दोन्ही हातांनी सरळ आत दाबल्यावर कॉइल घासल्याचा आवाज आला, तर तो स्पीकर तिथेच ठेवा.

आणखी एक. चोरबाजारात किंवा परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकाच्या सामानात एखादा देखणा अॅम्प मिळाला, तर आधी पाठ बघा. जपानी बाजारातला असेल तर १०० व्होल्टचा, अमेरिकेतला असेल तर १२० चा. व्होल्टेज बदलायचा खटका नसेल, तर आपल्या २३० साठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरची किंमत घासाघीस करतानाच वजा करून घ्या.