सतरा अक्षरांची खूण ओळखणारे प्रथिन

थंड पाण्यात हात घातला की बोटे आधी पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकू लागतात. स्क्लेरोडर्मा या आजाराच्या अनेक रुग्णांना, त्वचा कडक होऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून, ही तक्रार असते. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींतील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. १९८० साली एंग टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तातील सीरम मानवी पेशींवर टाकले आणि प्रतिपिंडे कुठे चिकटतात हे चमकणाऱ्या रंगाच्या मदतीने पाहिले. काही रुग्णांच्या बाबतीत पेशीच्या केंद्रकात विखुरलेले बारीक ठिपके दिसले, आणि पेशी विभाजनाच्या अवस्थेत असली तर तेच ठिपके प्रत्येक गुणसूत्राच्या चिमटल्यासारख्या अरुंद भागावर, म्हणजे गुणसूत्रबिंदूवर, बसलेले आढळले. तोपर्यंत गुणसूत्रबिंदूवर कोणती प्रथिने असतात याविषयी फारशी माहिती नव्हती. रुग्णांच्याच प्रतिपिंडांचा गळासारखा वापर करून १९८५ मध्ये विल्यम अर्नशॉ आणि नाओमी रॉथफील्ड यांनी अशी तीन प्रथिने वेगळी ओळखली. त्यांना सेन्प-ए, सेन्प-बी आणि सेन्प-सी ही नावे मिळाली. या लेखाचा विषय त्यांपैकी दुसरे प्रथिन आहे.

गुणसूत्रबिंदूचे काम शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ओळखीचे असते. पेशी विभागण्यापूर्वी ४६ गुणसूत्रांपैकी प्रत्येकाची प्रत तयार होते आणि दोन्ही प्रती काही काळ एकमेकींना जोडून राहतात. मग गुणसूत्रबिंदूवर अनेक प्रथिनांची एक रचना उभी राहते, तिला कायनेटोकोर म्हणतात. तुर्कतंतू, म्हणजे पेशीतील प्रथिनांचे लांब धागे, येऊन याच रचनेला धरतात आणि दोन प्रतींना विरुद्ध टोकांकडे ओढतात. ही पकड चुकली तर एका नव्या पेशीत गुणसूत्र जास्त होते आणि दुसरीत कमी पडते. कर्करोगाच्या बहुतेक गाठींमध्ये गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते, यावरून या वाटणीच्या अचूकतेचे मोल लक्षात यावे.

आता या जागेवरील डीएनए पाहू. डीएनए ज्या चार रासायनिक घटकांच्या रांगेने बनते, त्यांना येथे अक्षरे म्हटले आहे. मानवी गुणसूत्रबिंदूत १७१ अक्षरांचा एक तुकडा, ज्याला अल्फा सॅटेलाइट म्हणतात, एकामागून एक इतक्या वेळा येतो की ही रांग कित्येक लाख अक्षरांची आणि काही गुणसूत्रांत तर अनेक दशलक्ष अक्षरांची होते. सारख्याच दिसणाऱ्या तुकड्यांचा नेमका क्रम जुळवणे इतके अवघड होते की मानवी जनुकसंचाचा आराखडा जाहीर झाल्यानंतरही हे भाग जवळजवळ कोरेच राहिले होते. २०२२ साली संपूर्ण क्रमवारी प्रसिद्ध झाली तेव्हा ते भरले गेले. याच रांगेतील अनेक तुकड्यांत १७ अक्षरांची एक ठरावीक खूण असते. ती १९८९ मध्ये हिरोशी मासुमोतो आणि सहकाऱ्यांनी शोधली आणि सेन्प-बी नेमके तिलाच धरते हे दाखवले. पुढे असे स्पष्ट झाले की या १७ अक्षरांपैकी ९ अक्षरे जागच्या जागी असली की पकड बसते, उरलेली थोडीफार बदललेली चालतात.

सेन्प-बी ५९९ अमिनो आम्लांचे असून त्याचे जनुक विसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या सुरुवातीचा सुमारे १२५ अमिनो आम्लांचा भाग डीएनएला धरतो आणि धरताना त्याला जवळजवळ ६० अंशांनी वाकवतो. शेपटाकडील भागाने सेन्प-बीचे दोन रेणू एकमेकांशी जोडले जातात. एक जोडी म्हणजे दोन हात असलेली रचना असल्यामुळे रांगेतील दोन वेगवेगळ्या खुणा ती एकाच वेळी धरू शकते. मानवी गुणसूत्रबिंदूच्या बाबतीत हे वैशिष्ट्य फार महत्त्वाचे आहे, कारण तेथील इतर मुख्य प्रथिने डीएनएचा विशिष्ट अक्षरक्रम वाचून जागा ठरवत नाहीत. सेन्प-ए हे हिस्टोनचे, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळले जाते त्या प्रथिनांपैकी एकाचे, रूप आहे. ते ज्या जागी आधीपासून असते त्याच जागी पुढच्या पिढीतील पेशींतही पुन्हा बसवले जाते. म्हणजे जागेची स्मृती मुख्यतः प्रथिनांत असते, अक्षरांत नव्हे.

इथेच कोडे सुरू होते. १९९३ मध्ये मेलबर्नच्या अँडी चू यांच्या गटाने दहाव्या गुणसूत्राचे असे एक बदललेले रूप वर्णिले, ज्यात अल्फा सॅटेलाइट नव्हते, तरीही भलत्याच जागी नवा गुणसूत्रबिंदू तयार होऊन त्याची वाटणी होत होती. पुरुषांमधील वाय गुणसूत्राच्या गुणसूत्रबिंदूत १७ अक्षरांची खूण नाही आणि तेथे सेन्प-बी बसत नाही, पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातच आले आहे. १९९८ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी सेन्प-बीचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. हे उंदीर जगले आणि त्यांना पिल्लेही झाली; त्यांचे वजन मात्र कमी भरले. एवढे पाहून हे प्रथिन निरुपयोगी ठरवणे मला घाईचे वाटते. ज्याच्यावाचून जीव जात नाही ते बिनकामाचे, असा अर्थ त्या प्रयोगांतून निघत नाही. पेशीत एकच काम दोन वाटांनी होत असेल तर एक वाट बंद केल्यावर दुसरी भार उचलते, एवढेच त्यातून कळते.

दुसरी वाट कमकुवत असते हे २०१५ मध्ये डॅनिएले फाकिनेत्ती, डॉन क्लीव्हलंड आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसले. सेन्प-बी नसलेल्या मानवी पेशींत गुणसूत्रबिंदूवरील सेन्प-सीचे प्रमाण घटले आणि गुणसूत्रांची चुकीची वाटणी वाढली. सेन्प-बी एकीकडे डीएनएला धरते आणि दुसरीकडे सेन्प-सीला आधार देते, म्हणून कायनेटोकोरचा पाया अधिक घट्ट बसतो. हा आधार मुळातच नसलेले वाय गुणसूत्र त्याच प्रयोगात इतरांपेक्षा जास्त वेळा चुकले, ही गोष्ट मला या साऱ्या पुराव्यात सर्वांत बोलकी वाटते.

नवा गुणसूत्रबिंदू उभारताना तर या प्रथिनाची भूमिका आणखी उठून दिसते. प्रयोगशाळेत अल्फा सॅटेलाइटचे डीएनए मानवी पेशींत सोडले तर काही वेळा त्यापासून स्वतंत्रपणे टिकणारे कृत्रिम गुणसूत्र तयार होते. २००२ मध्ये मासुमोतो यांच्या गटाने त्या डीएनएमधील १७ अक्षरांच्या खुणा बिघडवल्या, आणि असे गुणसूत्र तयार होईनासे झाले. २०१९ मध्ये बेन ब्लॅक यांच्या गटाने याची दुसरी बाजू दाखवली: सेन्प-ए मुद्दाम आणून त्या डीएनएवर आधीच बसवून दिले, तर या खुणांवाचूनही काम भागते. खूण हवी असते ती सुरुवात करून देण्यासाठी.

या प्रथिनाचे मूळही विलक्षण आहे. जनुकसंचात स्वतःची जागा बदलत फिरणारे काही डीएनए तुकडे असतात. त्यांना कापून हलवणाऱ्या विकरांच्या पोगो नावाच्या कुळाशी सेन्प-बीचे स्पष्ट साम्य आहे. डीएनएवरील विशिष्ट टोके ओळखून धरणे हे त्या विकरांचे पहिले काम. सेन्प-बीने ते धरणे राखले, कापणे मात्र गमावले. डीएनए तोडणाऱ्या प्रथिनाचे वंशज आज गुणसूत्रांची वाटणी सांभाळते.

तरीही त्याचे वागणे सर्वत्र सारखे नसते. २००७ मध्ये मासुमोतो यांच्याच गटाने दाखवले की अल्फा सॅटेलाइटचा तुकडा गुणसूत्राच्या दुसऱ्याच भागात जाऊन बसला, तर तेथे सेन्प-बी डीएनए घट्ट गुंडाळून निष्क्रिय करण्यास मदत करते आणि सेन्प-एला बसू देत नाही. नव्या डीएनएवर गुणसूत्रबिंदू उभारणारे प्रथिनच येथे तो होण्यापासून रोखते, आणि एका गुणसूत्रावर दोन गुणसूत्रबिंदू झाले तर ते गुणसूत्र दोन्ही बाजूंना ओढले जाऊन तुटू शकते.