प्लाय की सिमेंट बोर्ड? लाकडी जमिनीवर टाइल बसवताना होणारा घोळ

पेठांमधल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर नवं करायला काढलं की सुतार म्हणतो, प्लाय टाका. फरशीवाला म्हणतो, सिमेंट बोर्ड टाका. ऐकणाऱ्याला वाटतं, एकाच कामाचे हे दोन पर्याय. तसं नाही. प्लाय जमीन ताठ करतो. सिमेंट बोर्ड टाइलला चिकटायला न फुगणारा पृष्ठभाग देतो. एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही.

कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेली जमीन पावलागणिक थोडी लवते. लाकडाला ते चालतं, टाइलला नाही. कड्यांच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, 360 व्या भागापर्यंतच लवणं टाइल सोसते, म्हणजे 12 फुटी गाळ्यात जेमतेम 10 मिमी. शहाबादी घालायची असेल तर त्याच्या निम्मं धरा. 6 मिमीचा सिमेंट बोर्ड या हिशोबात शून्य. तो जमिनीबरोबर वाकतो. घोळ होतो तो दुकानांच्या पोटमाळ्यांमुळे: तिथे लोखंडी चौकटीवर 18-20 मिमीचा जाड बोर्ड थेट टाकतात. तो माल वेगळा, काम वेगळं.

प्लाय घ्यायचा तो आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, 12 ते 18 मिमी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शिक्का बघूनच उचला. पण मरीन म्हणजे न फुगणारा नव्हे. एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा यांत तो थोडा का होईना हलतोच, म्हणून टाइल थेट त्याच्यावर नको. मोरीखालची कडी कुजलेली असेल तर वर कितीही प्लाय घाला, उपयोग नाही. आधी कडी बदला.

आणि फळ्यांवर सिमेंट-वाळूचा दोन इंच माल पसरून फरशी? 10 बाय 8 फुटांत तो एकटाच साडेसातशे किलोच्या आसपास भरतो, वर लाकडाला ओल पाजतो.

प्लाय कड्यांना स्क्रूने आवळल्यावर त्यावर टाइल चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्ह 6 मिमीच्या दातेरी थापीने ओढायचं आणि ते ओलं असतानाच बोर्ड बसवायचा. हा थर सर्रास गाळला जातो. तो बोर्ड चिकटवण्यापुरता नाही, खालची पोकळी भरण्यासाठी आहे. स्क्रू दर 8 इंचांवर, गंज न धरणारे. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू गंजून तुटतात. बोर्डाचे सांधे प्लायच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. दोन बोर्डांत 3 मिमी फट ठेवून ती अल्कलीरोधक जाळीपट्टी आणि अ‍ॅडहेसिव्हने भरा; भिंतीकडेला 6 मिमी मोकळं सोडा, तिथे सिलिकॉन. टाइलसाठी अ‍ॅडहेसिव्ह लवचिक, एस1 वर्गाचं. त्याच 10 बाय 8 फुटांच्या खोलीला प्लाय आणि बोर्ड प्रत्येकी 8 बाय 4 चे तीन, बोर्डासाठी अडीचशे स्क्रू, आणि दोन्ही थर मिळून अ‍ॅडहेसिव्हच्या 20 किलोच्या पाच गोण्या.

बिघडल्यावर चूक कुठे झाली ते तडाच सांगतो. एका सरळ रेषेत, चार फुटांवर तडा गेला तर सांध्याला पट्टी नाही. चालण्याच्या वाटेवर ग्राउटचा, म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरलेल्या मसाल्याचा भुगा निघतो आणि टाइल पोकळ वाजते, तर जमीन लवते आहे किंवा बोर्डाखाली अ‍ॅडहेसिव्ह नाही. पावसाळ्यात टाइला तंबूसारख्या उचलल्या तर भिंतीकडेची फट कुणीतरी मालाने बुजवली.

सिमेंट बोर्ड पाणी अडवतो, हीही एक समजूत. तो भिजून कुजत नाही, इतकंच. पाणी त्यातून झिरपून प्लायपर्यंत जातं. म्हणून सिंकखाली आणि मोरीभोवती बोर्डावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, ते भिंतीवर सहा इंच चढवा आणि पूर्ण वाळल्यावरच टाइल लावा.