पिंजऱ्यात कुरघोडी कोणाची?

पाळीव उंदरांचा नर-मादी असा मिश्र गट असेल, तर मालकाला एक गोष्ट लवकरच दिसते. पाचशे ग्रॅमचा धिप्पाड नर वाटीतून मटाराचा दाणा उचलतो, आणि जेमतेम तीनशे ग्रॅमची मादी तो सरळ त्याच्या तोंडातून ओढून नेते. नर फार तर अंग वळवून पाठ करतो. थोड्या वेळाने तोच नर तिच्या अंगावर चढून मानगूट चाटू लागतो आणि ती चीं-चीं करत खाली दबून राहते. मग या पिंजऱ्यात वरचढ कोण?

या प्रश्नाला ‘नर’ किंवा ‘मादी’ असे एका शब्दात उत्तर हवे असते. उंदीर ते देत नाहीत. वर्चस्व ही नरांची किंवा माद्यांची सामाईक मिळकत नसून दोन ठरावीक जनावरांमध्ये झालेल्या झटापटींचा तो जमाखर्च आहे, असे मानले की त्यांच्या वागण्याचा बराचसा उलगडा होतो.

आधी प्राणी कोणता ते पाहू. आपल्या माळ्यावर खुडबुड करणारा काळा उंदीर तो हा नव्हे, आणि घूसही नव्हे. पाळीव उंदीर, प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर आणि मुंबईसारख्या बंदरांच्या गटारांत राहणारा दणकट तपकिरी उंदीर हे तिघे एकाच प्रजातीचे, रॅटस नॉर्वेजिकस. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. वेगळ्या रंगाचे उंदीर सापडले की तो ते मारत नसे, त्यांची पैदास करून विकत असे. हौशी उंदीरपालनाची सुरुवात साधारण तिथून धरतात. रंग बदलले, स्वभाव निवळला, पण समाजव्यवस्था मूळ तपकिरी उंदराचीच राहिली. त्यामुळे पिंजऱ्यातले राजकारण समजून घ्यायला आधी बिळात डोकवावे लागते.

जॉन कॅल्हून या अमेरिकी संशोधकाने १९४७ मध्ये बाल्टिमोरजवळ सुमारे दहा गुंठे जागेला कुंपण घालून त्यात रानटी तपकिरी उंदीर सोडले आणि दोन वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर नजर ठेवली. खायला-प्यायला भरपूर होते. त्या वेगाने वीण होत राहिली असती तर उंदरांची संख्या हजारोंत जायला हवी होती. प्रत्यक्षात ती दोनशेच्या आतच अडखळली. कारण जागेची वाटणी झाली होती. मोक्याच्या ठिकाणी एखादा तगडा नर चार-दोन माद्यांच्या बिळांभोवती राखण करी आणि बाहेरच्या नरांना फिरकू देत नसे. तिथल्या माद्यांची पिल्ले नीट वाढत. हुसकावलेले नर दुय्यम जागी गर्दीने राहत. तिथे एखादी मादी माजावर आली की सगळा घोळका तिच्या मागे धावे आणि अशा धांदलीत तिची पिल्ले फारशी जगत नसत. कॅल्हूनचे पुढचे, दाटीवाटीतल्या उंदरांचे प्रयोग जास्त गाजले. माणसांच्या शहरांबद्दल त्यातून नको तितके निष्कर्षही काढले गेले. हा पहिला, मोकळ्या जागेतला अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो.

हवाई विद्यापीठातल्या रॉबर्ट आणि कॅरोलाइन ब्लँचर्ड या दांपत्याने हाच मामला प्रयोगशाळेत आणला. आत काय चालले आहे ते दिसेल अशी कृत्रिम बिळे करून त्यांनी त्यात काही नर आणि एक-दोन माद्या एकत्र ठेवल्या. थोड्याच दिवसांत एक नर वरचढ ठरे. बाकीच्या नरांच्या पाठीवर आणि पुठ्ठ्यांवर चाव्यांच्या जखमा दिसत, त्यांचे वजन उतरे आणि रक्तातली तणावाची संप्रेरके वाढत. वरचढ नराला जखमा कमी, आणि त्याही बहुधा तोंडाकडच्या बाजूला. पळणाऱ्याला मागून चावा बसतो आणि चाल करून जाणाऱ्याला समोरून, इतके ते साधे आहे. माद्या सोबत असल्या की नरांची भांडणे वाढत. पण त्या माद्यांच्या अंगावर मात्र जखमा क्वचितच.

तपकिरी उंदरांत नर नराला चावतो, मादीला सहसा चावत नाही. म्हणजे नरांची जी उतरंड आपण पाहतो ती नरांनी नरांशी झगडून रचलेली असते. मादी त्या उतरंडीत खालच्या पायरीवर नसते. ती त्या स्पर्धेतच नसते.

बरे, नरांमध्ये तरी जो जड तो वरचढ असे असते का? पहिल्या भेटीत वजनाला अर्थ असतो. नंतर तो पुसट होत जातो. मॅन्युएल बर्डॉय आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये रानटी उंदरांच्या गटांबद्दल जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते मजेदार आहेत. वर्चस्वाचा अंदाज वजनापेक्षा वयावरून चांगला येत होता. तरुण नर वाढून म्हाताऱ्यापेक्षा वजनदार झाला तरी म्हाताऱ्याचा मान टिकून राही. लहानपणी ज्याने आपल्याला लोळवले त्याला मोठेपणी पुन्हा आव्हान देण्याच्या भानगडीत तरुण पडत नसे. लोकलच्या रोजच्या ग्रुपमध्ये खिडकी कोणाची हे एकदा ठरले की कोणी दररोज त्यावर वाद घालत नाही, तसेच काहीसे. एकदा लागलेला निकाल दोघांच्याही अंगवळणी पडतो.

माद्यांच्या आपसातल्या उतरंडीबद्दल आपल्याला त्या मानाने कमी माहिती आहे, आणि याला उंदरांपेक्षा संशोधक जबाबदार आहेत. गंमत पाहा: ‘वरचा-खालचा’ क्रम शास्त्रात आला तोच माद्यांच्या अभ्यासातून. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरूप-एब्बे याने १९२२ मध्ये कोंबड्यांमधला चोच मारण्याचा क्रम मांडला. उंदरांच्या प्रयोगांत मात्र दशकानुदशके नरच वापरले गेले. मादीचे माजाचे चक्र चार-पाच दिवसांचे असते, त्यामुळे तिच्या वागण्यात चढउतार फार येतील आणि आकडे विस्कटतील, अशी धास्ती होती. २०१६ मध्ये मेंदूविज्ञानातले शेकडो प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा माद्यांच्या मोजमापांत नरांपेक्षा जास्त चढउतार नसतात असे दिसले. इतकी वर्षे जिच्यामुळे माद्यांना दूर ठेवले ती अडचण बव्हंशी कल्पनेतलीच निघाली.

मार्था मॅक्लिंटॉक या शास्त्रज्ञ माद्यांकडे नीट पाहणाऱ्या मोजक्या लोकांपैकी. चावे मोजत बसाल तर माद्यांमध्ये फारसे काही हाती लागत नाही. पण दोघी समोरासमोर आल्या की कोण कोणाला कशी ओलांडून जाते, यात त्यांची पत दिसते, असे त्यांच्या गटाने दाखवले. रक्त न सांडता ठरणारी ही उतरंड जखमा मोजणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. समागमाबद्दलही त्यांचे निरीक्षण असेच डोळे उघडणारे आहे. अरुंद पिंजऱ्यात ठेवलेली जोडी पाहिली तर सगळा पुढाकार नराचाच वाटतो. जागा मोकळी आणि गट मोठा असेल तर मादी नराजवळ येते, टुणकन उडी मारून पळते, थांबते, पुन्हा येते. समागम कधी आणि किती अंतराने होणार याची सूत्रे बरीचशी तिच्या हाती असतात. पळायला जागाच नसली की ती सूत्रे दिसेनाशी होतात. पिंजरा लहान असला की त्यातले वर्चस्वही वेगळेच दिसते, हे पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता नर आणि मादी यांच्यात कोण? इथे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या शार्लोट हेमेलरायक यांची एक कल्पना फार उपयोगी पडते. ती त्यांनी मुख्यतः माकडांच्या संदर्भात, संगणकातल्या आभासी प्राण्यांवर तपासली. एक गोष्ट अनेक प्राण्यांत दिसते: जिंकलेला प्राणी पुढची लढतही जिंकण्याची शक्यता वाढते आणि हरलेला पुन्हा हरण्याची. अंगातली ताकद तीच असते, उमेद मात्र बदललेली असते. आता समजा, नर माद्यांपेक्षा बलवान आहेत, पण आपसात सतत आणि जोरात भांडतात. मग काही नर जिंकत जिंकत वर जातात आणि काही हरत हरत पार तळाला पोचतात. आपसात फारशा न भांडलेल्या माद्या मधेच कुठेतरी असतात. तळाला गेलेला नर एखाद्या मादीसमोर आला की अंगाने मोठा असूनही माघार घेतो. यातून निघणारा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकताना उलटाच वाटतो: गटात नर जितके जास्त आणि भांडणे जितकी तीव्र, तितक्या जास्त नरांवर माद्या वरचढ. माद्यांना त्यासाठी काही करावे लागत नाही, नरच एकमेकांना खाली ढकलतात.

ब्लँचर्ड दांपत्याच्या बिळांतला तो पाठीवर जखमा वागवणारा, वजन उतरलेला नर आठवा. वजनाच्या काट्यावर तो कदाचित मादीपेक्षा जडच भरेल, पण घासासाठी तो तिच्याशी भांडेल असे मला वाटत नाही.

पाळीव गटांत तर आणखी एक गोष्ट बदललेली असते. मिश्र गट ठेवायचा तर नर खच्ची करण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. उंदराची पिल्ले पाच-सहा आठवड्यांतच वयात येऊ लागतात, गर्भकाळ तीन आठवड्यांचा, एका वेताला आठ-दहा पिल्ले, आणि व्यायल्यावर दिवसभरात मादी पुन्हा माजावर येते. खच्ची केल्यानंतरही काही आठवडे नर वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर शिल्लक राहिलेले बीज आपले काम करते. टेस्टोस्टेरॉन ओसरले की नराची इतर नरांवर तुटून पडण्याची प्रवृत्ती बरीच कमी होते. थोडक्यात, पिंजऱ्यातल्या नराला ज्या स्पर्धेसाठी ते अंगबळ मिळाले होते ती स्पर्धाच उरलेली नसते. मादी मात्र पूर्वीचीच, चपळ आणि चौकस. अशा घरात माद्यांचा रुबाब दिसला तर नवल नाही.

पण रुबाब म्हणून आपण जे पाहतो ते सगळे खरोखर वर्चस्व असते का? इथे पाळणारे सर्वांत जास्त फसतात. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात सर्जिओ आणि व्हिव्हियन पेलिस यांनी उंदरांच्या खेळकर मारामारीवर अनेक वर्षे घालवली आहेत. त्यांनी दाखवलेली खूण एकदा कळली की विसरत नाही: खेळताना उंदराचे लक्ष्य असते समोरच्याची मानगूट, आणि तिथे तो चावत नाही, नुसते नाक घुसळतो. खऱ्या भांडणात लक्ष्य असते पाठीचा खालचा भाग, बरगड्यांची बाजू आणि पुठ्ठे, आणि तिथे दात लागतात. म्हणजे लढत खेळातली की वैराची, हे आवाजावरून किंवा धुमश्चक्रीवरून ठरवण्यापेक्षा तोंड कुठे जाते आहे त्यावरून ठरवावे.

उताणे पडण्याचेही तसेच. खाली पडलेला तो हरलेला आणि वर उभा तो जेता, असे आपल्याला वाटते. पण मानगूट वाचवायची तर गर्रकन फिरून पाठ जमिनीला टेकवणे हा उत्तम बचाव आहे, आणि त्या स्थितीतून चार पायांनी प्रतिहल्लाही करता येतो. लहान उंदीर तर याच पद्धतीने तासन्‌तास खेळतात, आणि आज वर असलेला उद्या खाली असतो. प्रौढ नरांमध्ये चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. दुय्यम नरच वरचढ नराची खोडी जास्त वेळा काढतो, आणि त्याने उलटून धरले की पिल्लासारखा पूर्ण उताणा होतो. ती एक प्रकारची सलगी आहे: ‘मी तुमच्यातलाच, लहान आहे, सांभाळून घ्या.’ हल्ले मोजून क्रम लावणाऱ्याला इथे दुय्यम नरच दादा वाटेल.

माद्याही खेळतात, नरांपेक्षा थोड्या कमी. या फरकाची बीजे जन्माच्या आसपासच्या संप्रेरकांत असतात. वयात येताना नर बचावाची ढब बदलतात, पूर्ण उताणे होण्याऐवजी अर्धवट वळून मागचे पाय रोवतात. माद्यांमध्ये हा बदल तसा होत नाही, आणि मुळातच त्यांचा कल निसटून जाण्याकडे जास्त असतो. त्यामुळे नर-मादीच्या एकाच झटापटीत दोघे वेगवेगळ्या चाली खेळत असतात. ती निसटली म्हणून घाबरली असे नाही, आणि तो रोवून उभा राहिला म्हणून जिंकला असेही नाही.

घास हिसकावण्याचेही स्वतंत्र शास्त्र आहे. एक उंदीर खात असताना दुसरा जवळ आला की खाणारा अंग वळवून घास दूर नेतो, आणि हे वळणे घासाच्या आकाराप्रमाणे बदलते. चटकन संपणारा तुकडा असेल तर तो जागीच गिळला जातो. मोठा असेल तर पळवापळवी होते. यात वैर जवळजवळ नसतेच. ज्याच्या तोंडचा मटार गेला तो दुसऱ्या मिनिटाला चोरणारीच्या कुशीत झोपलेला सापडतो.

एका बाबतीत मात्र संदिग्धता नाही. पिल्लांना पाजणारी मादी घरट्याजवळ आलेल्या अनोळखी नरावर अशी तुटून पडते की दुप्पट वजनाचा नरही माघार घेतो. अनोळखी नर पिल्ले मारू शकतो, हे त्यामागचे कारण. हा आवेश पाजण्याच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो, आणि पिल्ले काढून घेतली तर काही तासांतच ओसरू लागतो. म्हणजे तीच मादी, तोच नर, तोच पिंजरा, आणि वरचढपणाचे पारडे महिन्याभरात दोनदा फिरलेले.

उंदीर यात एकटे नाहीत. २०२५ मध्ये वानरवर्गातल्या १२१ प्रजातींची माहिती एकत्र करून नर-मादी झगड्यांचा ताळेबंद मांडला गेला. स्पष्ट नरसत्ता किंवा स्पष्ट मादीसत्ता असलेले गट अल्पसंख्य निघाले. बहुसंख्य गटांत कधी हा जिंके, कधी ती.

पिंजरा राखणाऱ्यासाठी यातून निघणारे काम अगदी व्यावहारिक आहे. दबून राहणारा नर दिसला तर कोण कोणाच्या अंगावर चढते याची नोंद ठेवण्यापेक्षा दर आठवड्याला प्रत्येकाचे वजन करावे, आणि पाठीच्या खालच्या भागातले केस बाजूला सारून जखमा आहेत का ते पाहावे. वाट्या दोन असाव्यात आणि लांब लांब. झोपायच्या खोक्याला दोन तोंडे असावीत, म्हणजे कोणी दारात ठाण मांडले तरी आतला कोंडला जात नाही. केस पिंजारून, कुबड काढून, तिरके होत अंगाने रेटत येणारा नर दिसला तर मात्र हात घालू नये. मधे जाड टॉवेल किंवा पुठ्ठा सरकवावा, कारण त्या क्षणी तो तुमचे बोट आणि समोरच्या उंदराचे पुठ्ठे यांत फरक करत नाही.