ग्रू आणि माल्पीघी: दोघांनी पेशी पाहिल्या, पण समजल्या वेगवेगळ्या

बीएस्सीच्या नोट्समध्ये "ग्रू व माल्पीघी यांनी वनस्पतींच्या पेशी पाहिल्या" हे वाक्य अजून फिरतंय आणि दरवेळी वाचलं की चिडचिड होते. रॉबर्ट हूकचं सगळ्यांना पाठ आहे, १६६५, बुचाचा काप, 'सेल' शब्द, म्हणून तिथे थांबत नाही.

नेहेमाया ग्रू इंग्लंडचा डॉक्टर, मार्चेल्लो माल्पीघी इटलीतल्या बोलोन्याचा. दोघांची नावं एकत्र होऊन गोंधळ होतो कारण ७ डिसेंबर १६७१ ला लंडनच्या रॉयल सोसायटीत (तिथली विज्ञानसंस्था) ग्रूचं छापील पुस्तक आणि माल्पीघीचं हस्तलिखित एकाच दिवशी पोचलं. म्हणून कुणी कुणाची कॉपी केली वगैरे काही नाही.

आता खरा मुद्दा. पपनसाची फोड सोला, आतला एकेक दाणा सुटा निघतो, प्रत्येकाला स्वतःचं साल असतं. माल्पीघीला झाडाचा गर साधारण असा वाटला, छोट्या छोट्या पिशव्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. ग्रूने मात्र तोच गर बघून लेस आठवली, उशीवर टाचण्या टोचून बायका विणतात ती, म्हणजे बारीक धागे आडवेउभे गुंफलेत आणि मधे भोकं राहिलीत. क्रोशाचा रुमाल डोळ्यासमोर आणा, त्यातलं एक भोक सुटं काढून हातात देता येईल का? नाही ना, कारण वस्तू आहे ती धागा, भोक नाही. हाच फरक आहे! पिशवी म्हटली की पेशी हा स्वतंत्र घटक होतो, लेस म्हटली की पेशी ही नुसती रिकामी जागा. आणि हे भांडण शब्दांचं नव्हतं, १८१२ मधे मोल्डेनहावर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडाचे तुकडे पाण्यात कुजवून पेशी सुट्या करून दाखवल्या, दोन शेजारणींच्या भिंती वेगळ्या निघाल्या, म्हणजे पिशवीची कल्पना बरोबर होती.

तरी चित्रं बघायची तर माझ्या मते ग्रूचीच, १६८२ च्या पुस्तकातले खोडाचे आडवे छेद तासभर बघत बसावेत असे आहेत.

बाकी किरकोळ. झाडाच्या खोडावरून सालीची गोल पट्टी काढल्यावर वरच्या बाजूला फुगवटा येतो तो प्रयोग माल्पीघीचा. फुलाच्या बाबतीत उलटं, पुंकेसर हा नर अवयव हे ग्रूने छापलं (कल्पना थॉमस मिलिंग्टन या इंग्लिश डॉक्टरची, हेही ग्रूने सांगितलं), माल्पीघी मात्र पुंकेसर रस शुद्ध करायला असतात असं धरून चालला होता, त्यामुळे पेपरात पुंकेसर नर असल्याचा शोध माल्पीघीच्या नावावर लिहू नका.