लाखो अंडी घालतो म्हणून मासा संपत नाही?

"मासा लाखोंनी अंडी घालतो, कितीही पकडा, संपणार नाही" हे फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतंय. अंड्यांचा आकडा खराच आहे, हिलशाची, म्हणजे आपल्याकडच्या पाल्याची, मोठी मादी वीस लाखांपर्यंत अंडी घालते. पण त्यातली बहुतेक अंडी नि पिल्लं मोठी व्हायच्या आतच मरतात, म्हणून तर एवढी घालावी लागतात.

आणि खरी अडचण वेगळीच आहे, हा मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत उलटा चढतो, मग वाटच अडवली तर अंडी घालणार कुठे? १९७५ ला गंगेवर फराक्का बॅरेज सुरू झालं, त्याआधी हिलसा पार अलाहाबादपर्यंत मिळायचा, नंतर वरच्या भागात जवळपास दिसेनासाच झाला. सिंधूवर कोत्री बॅरेज १९५५ चं, तिथंही तेच.

स्वतः बघायचं तर बाजारात वीतभर लांबीचे पाले साफ करताना नीट बघा, भरलेली गाभोळी सहसा दिसणार नाही, ती पिल्लंच असतात, एकदाही अंडी न घातलेली. बांगलादेशात २५ सेंमीपेक्षा लहान हिलसा पकडायला नोव्हेंबर ते जून बंदी असते ती याचमुळे.