योनचा काठ ते मोर्वांचं जंगल: चार दिवसांची ग्रॅव्हल वाट

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक. बुकिंग पक्कं करण्याआधी एकदा आणि सायकल खोक्यात भरण्याआधी पुन्हा वाचावं.)

पॅरिसच्या आग्नेयेला, बुर्गोन्य प्रांतात, ओसेर गावापासून ही ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांची, सायकलवाट सुरू होते. आधी योन नदी आणि निव्हेर्ने कालवा, मग क्युर नदीचं खोरं, मग मोर्वांचं डोंगरी जंगल आणि शेवटी पुन्हा कालव्यावर उतरून कोर्बिन्यी. एकूण अंतर साधारण २२० किमी. चार दिवसांत एवढंच, म्हणून बरेचजण तीन दिवस मागतात. तसं करू नका. इथे वेळ किलोमीटर खात नाहीत, जमीन खाते. कालव्याकाठी सामानासह ताशी १६ ते १८ किमी सहज पडतात. जंगलात तोच माणूस, तीच सायकल, आणि वेग १० वर येतो.

जमीन दोनदा बदलते

दुसऱ्या मुक्कामाच्या व्हेझले गावापर्यंतचा मुलूख चुनखडकाचा आहे. कोरडा असेल तर रस्ता पांढरा, घट्ट आणि वेगवान. पण शेताकडेच्या वाटा पावसाने भिजल्या की चिकणमातीची मळलेली कणीक होते. ती टायरला लागते, वर पाचोळा चिकटतो आणि चाक फ्रेममध्ये अडकतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारणं ही सगळ्यात महागडी चूक. चिखलाने अडलेला डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) मागे ओढला जातो, तो फ्रेमला धरणारा हँगर तुटतो, कधीकधी डिरेलर थेट आऱ्यांत घुसतो. चाक जड वाटताच उतरा, काटकीने चिखल काढा आणि जवळचा डांबरी रस्ता धरा. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी किमान ६ मिमी मोकळी जागा नसेल, तर पावसाच्या दिवशी या वाटा सोडून द्या.

व्हेझलेच्या दक्षिणेला ग्रॅनाइट लागतो. इथली भरड वाळू पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे रात्रभर पाऊस झाला तरी सकाळी रस्ता चालू शकतो. त्रास वेगळाच: ओली वाळू ब्रेकवर कानशीसारखी चालते. ब्रेकचे नेहमीचे, मऊ रेझिन पॅड दोन ओल्या दिवसांत संपलेले दिसतात. निघतानाच सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे, टणक) पॅड बसवा आणि एक जोडी जवळ ठेवा. लिव्हर हँडलच्या जवळ येऊ लागली किंवा धातूवर धातू घासल्याचा आवाज आला, तर उतार सुरू होण्याआधी थांबा.

टायर आणि हवा

४० ते ४५ मिमी रुंदीचा ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर, मध्ये बारीक आणि कडेला ठळक नक्षी असलेला. ३५ मिमीवर कालवा छान होईल, तिसऱ्या दिवसाचं जंगल होणार नाही. सीलंट (आतून भोकं बुजवणारा द्रव) प्रत्येक चाकात साधारण ६० मिली, आणि भारतातून निघण्याआधी ताजं भरा. दोन-तीन महिन्यांत ते सुकतं, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर.

७० किलोचा स्वार, सहा-सात किलो सामान, ४२ मिमी टायर, असं धरून आकडे देतो. कालव्यावर पुढे ३६, मागे ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). जंगलात पुढे २८, मागे ३२. वजन १० किलो जास्त असेल तर दोन्हीकडे २ वाढवा. ट्यूब वापरत असाल तर ५ वाढवा, नाहीतर दगडावर आपटून रिम ट्यूबला चिमटा काढते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हवा सकाळी एकदाच भरून दिवस काढू नका. डांबर सोडताना कमी करा. हॉटेलच्या पंपाचा काटा आणि तुमच्या पंपाचा काटा जुळेलच असं नाही, म्हणून मोजायला कायम आपलाच पंप.

गिअर: मोर्वांत चढ लांब नसतात, पण ८ ते १२ टक्क्यांचे आखूड चढ एकामागून एक येतात. पुढची चकती ३८ किंवा ४० दाती असेल तर मागची सर्वांत मोठी निदान ४२ दाती हवी.

दिवसवार

पहिला दिवस, ओसेर ते क्लाम्सी, सुमारे ६० किमी. कालव्यावरच्या नावा ज्या काठाने ओढून नेत, तोच हा रस्ता. सपाट. क्रावां, मायी-ल-शातो, सोस्वाचे उभे चुनखडक, शातेल-सांस्वार. काही तुकड्यांत बारीक खडी, काही ठिकाणी डांबर, झाडांच्या मुळांनी उचललेलं. विमानप्रवासानंतर अंग मोकळं करायला हाच दिवस आहे.

दुसरा, क्लाम्सी ते व्हेझले, सुमारे ३० किमी. मुद्दाम लहान ठेवला आहे. व्हेझलेचं बॅसिलिका (मोठं चर्च) १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि ते टेकडीवर आहे. शेवटचा चढ दमवतो. उरलेल्या दुपारी ब्रेक, चेन आणि टायरच्या बाजू तपासून घ्या, कारण पुढे सायकलचं दुकान सहज मिळणार नाही.

तिसरा, व्हेझले ते ले सेत्तों तलाव, सुमारे ६० किमी, चढ हजार-बाराशे मीटर. हाच खरा दिवस. क्युर नदी पियेर-पेर्तुईच्या पुलांखालून जाते, मग वाट जंगलात शिरते. या जंगलातलं सरपण काही शतकं क्युर आणि योनच्या पाण्यात सोडून पॅरिसला पोचवलं जाई. ले सेत्तोंचं धरणही एकोणिसाव्या शतकात त्याच कामासाठी, पाण्याचा लोंढा सोडता यावा म्हणून बांधलं. आज ओक-बीचच्या जागी बऱ्याच टेकड्यांवर डग्लस फरची लागवड आहे, आणि तोडणी चालू असते. याचा सायकलस्वाराला थेट त्रास होतो. यंत्रांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल असतात आणि पाण्याने भरलेल्या असल्या की तळ दिसत नाही, म्हणून मधल्या उंचवट्यावरून चालवा. जीपीएसवरची रेघ कधी फांद्यांच्या ढिगाखाली गेलेली असते. फांद्या तुडवत न जाता मागे फिरून पुढचा फाटा घ्या. नव्याने टाकलेली मुठीएवढी खडी टायरची बाजू कापते, तिथे वेग कमी. रस्त्याकडेला रचलेल्या ओंडक्यांवर बसून फोटो काढू नका, ते घरंगळतात.

चौथा, ले सेत्तों ते कोर्बिन्यी, ६५ ते ७० किमी. आधी पानसिएर धरण. पॅरिसला पुरापासून थोडी उसंत मिळावी आणि उन्हाळ्यात सेन नदीला पाणी राहावं, म्हणून हे १९४९ मध्ये पूर्ण झालं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरलेलं आणि शरदात उघडं पडलेलं, असं दोन वेगळ्या रूपांत दिसतं. इथून निव्हेर्ने कालव्याला पाणी नेणारा २५ किमीच्या आसपासचा पाट निघतो, आणि त्याच्या काठची वाट आमच्या मते अख्ख्या प्रवासातली सर्वांत सुंदर आहे. पाट डोंगराच्या कुशीने जवळजवळ सपाट जातो. मोंत्रयों गावाजवळ तो ३३ मीटर उंच कमानींवरून दरी ओलांडतो. वाट अरुंद आहे, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला उतार. चालणाऱ्यांना आधी जाऊ द्या, घंटी लांबूनच वाजवा. पुढे बायचे तलाव, आणि मग सार्दीची जलदारं (कालव्यातल्या बोटी वर-खाली नेणारी दारं): साडेतीन किमीत सोळा, एकाखाली एक.

कधी जावं, काय पाळावं

मे ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबरचा पूर्वार्ध. एप्रिलपर्यंत जंगलातला चिखल वाळत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो, रविवारी विशेष. रस्त्यावर ‘शास’ (शिकार) हा शब्द असलेला फलक दिसला तर त्या वाटेने जाऊ नका, आणि हंगामात भडक नारिंगी जाकीट घालाच. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ म्हणजे खासगी मालमत्ता. असा फलक लावलेल्या खासगी रानात शिरल्यास २०२३ च्या कायद्याने १३५ युरो दंड होऊ शकतो. लाल-पांढऱ्या पट्ट्या पायवाटेच्या खुणा आहेत. सायकलची खूण पिवळा त्रिकोण आणि दोन गोल.

वाहतूक उजवीकडून. थकल्यावर, विशेषतः फाट्यावरून वळल्यावर, हात आपोआप डावीकडे जातो. सोबत्यांनी एकमेकांना आठवण करावी. गावात बिनफलकाच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची.

गवतातून गेल्यास संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड पाहा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, आग काही लावू नका. नंतरच्या आठवड्यांत लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टर. आपत्कालीन क्रमांक ११२. मोर्वांत बऱ्याच ठिकाणी मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

खाणं, पाणी

दुकानं दुपारी १२ ते २ बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. जेवण साडेबाराला मिळतं, अडीचला नाही. पाणी संपल्यास गावाच्या दफनभूमीत नळ असतो. ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं नसेल तरच प्या. शाकाहारी मंडळींनी सॅलड मागवताना ‘लार्दों’ नको असं सांगावं, ते डुकराचे बारीक तुकडे असतात. घरून चिक्की, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे न्या. पेढे, खवा, तूप नेऊ नका: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

पिशवीत

आपल्या फ्रेमचा हँगर (प्रत्येक फ्रेमचा वेगळा, तिकडे मिळेलच असं नाही), तुटलेली चेन जोडणाऱ्या दोन मास्टर लिंक, चेन तोडण्याचं साधन, ट्यूबलेस टायरचं भोक बुजवणारे प्लग पाच, एक ट्यूब, टायरला आतून लावायला कापडी तुकडा, पॅडची जोडी, हातपंप. हवा भरायची सीओटू काडतुसं विमानतळावर अडकतात, त्यापेक्षा पंप बरा. सायकल खोक्यात भरताना ब्रेकच्या डिस्कच्या फटीत प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर लिव्हर चुकून दाबली गेली की पॅड मिटून बसतात.

शेंगेन व्हिसाच्या विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरो हवं. त्यात सायकलिंग धरलं आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

परतीला कोर्बिन्यीहून गाड्या दिवसाला मोजक्याच. वेळापत्रकात ‘कार’ लिहिलं असेल तर ती आगगाडी नाही, बस आहे, आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. तिकीट काढण्याआधी तो शब्द पाहा.