कणसीमा आणि धातूची ताकद: पार्श्वभूमी
नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गिअरसाठी पोलादाचे बार येतात, तेव्हा सोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर रासायनिक घटकांच्या आकड्यांखाली बहुधा आणखी एक ओळ असते: ग्रेन साईज ५ ते ८. ग्रेन किंवा कण म्हणजे धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो त्यांतला एक, आणि दोन कणांमधली हद्द म्हणजे कणसीमा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या पद्धतीत १०० पट मोठ्या दिसणाऱ्या चित्रातील एका चौरस इंचात किती कण मावतात, यावरून हा क्रमांक ठरतो. क्रमांक एकाने वाढला की कणांची संख्या दुप्पट होते. पाचला १६ कण, तर आठला १२८; म्हणजे कणाचा सरासरी व्यास सुमारे ६० मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) २० मायक्रॉनच्या आसपास येतो. क्रमांक मोठा तितका कण बारीक, हे नव्याने रुजू झालेल्या तपासनिसाला हमखास उलटे वाटते.

धातू कणांचा बनलेला आहे, हे पाहण्याचा मार्ग शेफिल्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८६३-६४ च्या सुमारास दाखवला. पोलाद घासून चकचकीत करायचे, आम्लाने किंचित झिजवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, ही त्यांची रीत आजही प्रयोगशाळांत जवळपास तशीच चालते. १८९९ मध्ये युइंग आणि रोझेनहेन यांनी ताणलेल्या धातूच्या कणांवर बारीक समांतर रेषा पाहिल्या आणि धातू वाकतो तो कणांच्या आतील थर एकमेकांवरून घसरल्यामुळे, असे सांगितले. एका कणातली रेषा शेजारच्या कणात सरळ जात नाही, सीमेवर थांबते किंवा दिशा बदलते, हेही तेव्हाच दिसले होते. मात्र सीमा म्हणजे काय, याचे रोझेनहेन यांनी पुढे दिलेले उत्तर टिकले नाही: दोन कणांना जोडणारा अस्फटिकी लेप, अशी त्यांची कल्पना होती.

उलगडा झाला तो १९३४ नंतर. टेलर, ओरोवन आणि पोलान्यी यांनी त्या वर्षी स्वतंत्रपणे मांडले की थर एकदम घसरत नाही, तर स्फटिकातला रेषेसारखा दोष, म्हणजे डिस्लोकेशन, सरकत जातो. शेजारच्या कणातील अणूंच्या ओळी वेगळ्या दिशेने लागलेल्या असल्यामुळे हा दोष सीमेवर अडतो, मागून येणारे दोष त्याच्यामागे साचतात आणि त्यांचा एकत्रित दाब पुढच्या कणात घसरण सुरू करण्याइतका झाला की धातू वाकू लागतो. कण लहान असेल तर साचायला जागा कमी, म्हणून बाहेरून जास्त बळ लावावे लागते. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये यातून जे सूत्र दिले, त्यानुसार ताकदीतला हा वाटा कणाच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सौम्य पोलादासाठी पाठ्यपुस्तकांत दिले जाणारे स्थिरांक घेतले, तर एकूण ताकद (हा वाटा आणि कणाच्या आकारावर अवलंबून नसलेला भाग मिळून) १०० मायक्रॉनच्या कणाला सुमारे १४४ मेगापास्कल आणि २५ मायक्रॉनच्या कणाला २१८ मेगापास्कल येते. शिवाय कण बारीक केल्याने ताकदीबरोबर चिवटपणाही वाढतो, जे अन्य उपायांनी क्वचितच साधते.

तांब्यात सीमांचा हा प्रभाव पोलादाच्या मानाने बराच कमी असतो. त्यामुळे नाशिकच्या तांबट कारागिरांनी मठारून कडक केलेल्या घागरीचे श्रेय सरसकट बारीक कणांना देणे मला पटत नाही. तो कडकपणा मुख्यतः ठोकण्याने कणांच्या आत वाढलेल्या दोषांचा आहे. भांडे पुन्हा तापवले की नवे, दोषमुक्त कण तयार होऊन पत्रा मऊ पडतो, पण जास्त तापले तर कण फुगतात आणि पुढच्या ठोकणीत पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो.

उष्णतेत तर चित्र पालटते. वितळण्याच्या (केल्व्हिनमध्ये मोजलेल्या) तापमानाच्या साधारण निम्म्यावर गेल्यावर अणू सीमेतून झपाट्याने वाहू लागतात, कण एकमेकांवरून सरकतात आणि धातू स्थिर भाराखालीही हळूहळू लांबतो. कोबल यांनी १९६३ मध्ये दाखवले की सीमेतून होणाऱ्या या वाहण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला की वेग आठपट. नाशिकजवळच्या ओझरला १९६४ पासून मिग-२१ विमानांचा कारखाना उभा राहिला, त्याच दशकात अमेरिकेत जेट इंजिनांच्या टर्बाइन पात्यांतून आडव्या सीमा आणि नंतर सगळ्याच सीमा काढून टाकण्याचे, म्हणजे अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओतण्याचे काम चालू होते.

हॉल-पेचचा नियम खालच्या टोकालाही अमर्याद चालत नाही. चोक्सी, ग्लायटर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नॅनोकणी तांबे व पॅलेडियम कण लहान होतील तसे उलट मऊ होतात, असे निरीक्षण मांडले. नमुन्यांतील छिद्रांमुळे तसे दिसले असावे, अशी शंका तेव्हा घेतली गेली. पण पुढे संगणकीय अनुकरणांतही तांब्याची कमाल ताकद १० ते १५ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) कणांच्या आसपास आढळली, कारण त्याखाली डिस्लोकेशन सरकण्याऐवजी कणच सीमांवरून घसरू लागतात.